बहात्तर फ्रेम

सिनेमाच्या सेटवर मला बोलावलं होतं ते लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात बसायला. शूट झालेलं जागच्या जागी जुळवायचं, एखादा शॉट राहिला असेल तर सेट मोडायच्या आत सांगायचं, एवढंच काम. माझं रोजचं पोट दैनंदिन मालिकेच्या संकलनावर. आठवड्याला सहा भाग. दोन वर्षांत सहाशेच्या आसपास भाग माझ्या टाइमलाइनवरून गेले होते.

सिनेमात वडिलांची भूमिका करणारे गृहस्थ आमच्याच मालिकेतले निघाले. युनिटमध्ये सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही. खरं सांगायचं तर त्यांच्या अभिनयाबद्दल माझं मत फारसं बरं नव्हतं. वेळेवर येतात, पाठांतर चोख, पण चेहऱ्यावर तीनच भाव आणि त्यातले दोन सारखे. मालिका बघणारे म्हणतात ना, ‘नुसत्या पाट्या टाकतो’, तसं. सिनेमात यांना कोणी घेतलं, असा प्रश्न मला सकाळीच पडला होता.

सीन छोटा होता. वडील मोडक्या खुर्चीच्या पायाला स्क्रू पिळतायत. मुलगा दारात उभा राहून सांगतो की तो घर सोडून चाललाय. वडील मान वर न करता म्हणतात, ‘जायचं तर जा.’ पुन्हा स्क्रू पिळायला लागतात. पानभरसुद्धा नाही. त्यासाठी अर्धा दिवस ठेवला होता. आमच्याकडे अर्ध्या दिवसात अर्धा भाग संपतो, म्हणजे दहा-अकरा मिनिटांचा ऐवज.

पहिला टेक. दादांनी वाक्य म्हटलं आणि हात थांबले. हनुवटी किंचित वर, नजर एका जागी, श्वास आत. मग पुन्हा स्क्रू. दिग्दर्शक म्हणाला, “दादा, हात थांबू देऊ नका. तुम्हाला त्याच्याकडे बघायचंच नाहीये.” दुसरा टेक, तेच. तिसरा, तेच. तसा मृदू बोलणारा तो माणूस, पण चौथ्या टेकला त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

मी टेक एकाखाली एक लावले आणि सवयीने तो थांबा मोजला. पहिल्यात 71 फ्रेम. दुसऱ्यात 73. तिसऱ्यात 72, चौथ्यात 72. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमने चालतो. म्हणजे बरोबर तीन सेकंद. घड्याळ लावल्यासारखे.

तीन सेकंद म्हटल्यावर माझ्या कानशिलावर घाम आला. तो आकडा माझा होता.

मालिका सुरू झाली तेव्हा पहिल्या महिन्यात मी सेटवर निरोप धाडला होता: वाक्य संपलं की लुक तीन सेकंद धरा, लगेच सोडू नका. त्याला कारण होतं. आमच्याकडे तीन कॅमेरे एकदम चालतात, खोलीत सहा-सात माणसं उभी असतात, आणि कोणी काही बोललं की मला प्रत्येकाचा चेहरा दाखवावा लागतो. धरलेला लुक नसेल तर कापायला जागाच मिळत नाही. शिवाय भागाची लांबी ठरलेली. सीन कमी पडला की हेच धरलेले चेहरे मिनिटभर भरून काढतात. दादांनी निरोप इमानदारीने पाळला. सहाशे भाग पाळला.

आणि धरायचा तरी काय? पुढच्या आठवड्याचं लिखाण हातात नसतं. आज सकाळी आलेला सीन आज दुपारी होतो. आपला माणूस सज्जन आहे की आतल्या गाठीचा, हे नटालाच माहीत नसतं. एकदा तर दादांना तीनशेव्या भागानंतर कळलं होतं की जुन्या अपघातामागे तेच होते. मग शहाणा नट काय करतो? कुठल्याही बाजूला खपेल असा चेहरा ठेवतो. मी त्यांचा एक क्लोज, म्हणजे चेहऱ्याचा जवळून घेतलेला शॉट, पाच वेगवेगळ्या भागांत वापरलाय. एकदा दुःख म्हणून, एकदा संशय म्हणून, एकदा तर कट रचणारा म्हणून. खाली संगीत बदललं की काम झालं. शंभर वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने रशियात हेच करून दाखवलं होतं: नटाचा एकच निर्विकार चेहरा, त्याला कधी सूपचा वाडगा जोडला, कधी शवपेटी. बघणाऱ्यांना त्यात भूक दिसली, शोक दिसला. त्याचा तो प्रयोग होता, आमचा रोजचा धंदा.

मालिका बघणारा माणूस बहुतेक वेळा पडद्याकडे पाठ करून काहीतरी करत असतो, हेही आहेच. त्याच्या कानाला कळेल असं बोलावं लागतं, आणि त्याने वळून बघितलं तर चेहरा अजून तिथे असावा लागतो. थिएटरच्या अंधारात तोच चेहरा भिंतीएवढा होतो. तिथे पापणी लवली तरी ती घटना असते, आणि तीन सेकंदांचा थांबा म्हणजे फलक लावून ‘मी दुखावलोय’ सांगणं.

जेवणाच्या सुट्टीत मी दादांजवळ गेलो. ते एकटेच बसले होते, हातात तो स्क्रूड्रायव्हर अजून तसाच.

“दादा, तुम्ही लुक धरताय.”

“धरतोय? कुठे?”

मी लॅपटॉप वळवून चारही टेक दाखवले. त्यांनी एकदा बघितलं, मग पुन्हा लावायला सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अरे, मला वाटत होतं मी थांबतच नाहीये.”

“इथे मला काही कापायचं नाहीये. मुलाचा क्लोज वेगळा घेणार आहेत. तुम्ही फक्त स्क्रू पिळा.”

“पण तो पुढे परत येतो ना, शेवटी?”

“येतो.”

“मला ते माहितीये,” ते म्हणाले. “पूर्ण स्क्रिप्ट वाचलंय मी. दोनदा. किती वर्षांनी शेवट माहीत असलेलं काम करतोय!”

दुपारी दोन टेक वाया गेले. हात थांबायचे राहिले, पण आता ते न थांबण्याचा अभिनय दिसत होता. तिसऱ्याला, म्हणजे एकूण सातव्याला, वाक्याच्या मध्येच स्क्रू घसरला. ‘जायचं तर’ म्हणाले, पुटपुटत स्क्रू शोधायला वाकले आणि ‘जा’ जमिनीकडे बघत गेलं. चेहरा कॅमेऱ्याला दिसलाच नाही. दिसला तो मानेचा मागचा भाग आणि फरशीवर चाचपडणारा हात. दिग्दर्शकाने कट म्हणायला वेळ लावला. दादांना वाटलं टेक गेला, ते माफी मागायला लागले. तोच टेक सिनेमात आहे.

मालिकेत तो टेक मी पाहिल्या पाहिल्या एनजीत, म्हणजे बाद टेकमध्ये, टाकला असता. चेहरा नाही म्हणजे शॉट नाही.

जास्त टेक मिळाले म्हणून सिनेमात अभिनय चांगला होतो, असं सरसकट म्हणायला मी तयार नाही. हॉलिवूडचा दिग्दर्शक क्लिंट ईस्टवूड मोजक्या टेकमध्ये पुढे जाण्यासाठीच ओळखला जातो, आणि त्याच्या सिनेमांतल्या नटांना ऑस्कर मिळालेत. उलट टीव्हीवरही ‘द सोप्रानोज’ या अमेरिकन मालिकेचे 1999 ते 2007 मध्ये मिळून 86 भाग झाले, तेवढे आम्ही साडेतीन महिन्यांत उडवतो. तिथल्या अभिनयाला कोणी टीव्हीचा म्हणून सूट देत नाही. पडदा छोटा की मोठा यावर फार अडत नाही. सकाळी हातात पान आलं तेव्हा त्या माणसाला पुढचं किती ठाऊक होतं, आणि कापणाऱ्याने त्याच्याकडे काय मागून ठेवलं होतं, यावर अडतं. पहिल्या चार टेकमधले दादा आणि सातव्यातले दादा यांच्यात पाच तासांचं अंतर होतं. त्यातल्या कुठल्या दादांवर मी दोन वर्षं मत बनवून बसलो होतो, ते उघड होतं.

सिनेमाचे दिवस संपवून दादा मालिकेत परतले. पहिल्याच दिवशीचं फुटेज रात्री माझ्याकडे आलं. मोठा सीन होता, घरातले सगळे हजर. दादा वाक्य म्हणतात आणि लगेच वळून खिडकी लावायला जातात. सुंदर. वाक्य संपायच्या आत पाठ फिरलेली. दुसऱ्या सीनमध्येही तेच, बोलता बोलता चष्मा पुसायला घेतला. मी दोन्ही सीन तीनदा बघितले.

मग जोडायला बसलो. सहा जणांच्या रिअ‍ॅक्शन लावल्या, पण ज्याच्यावर त्या आहेत त्याचा चेहराच नाही. भाग बावन्न सेकंदांनी कमी भरला. आधी तयार ठेवलेल्या भागांची बँक शून्य, टेलिकास्ट दुसऱ्या दिवशी. एक जुना क्लोज काढून लावला तर शर्ट वेगळा. दुसऱ्या नटाचा शॉट निम्म्या वेगाने ताणला, तरी सतरा सेकंद उरलेच. दीड वाजून गेला होता. दादा जागे असतील का याचा विचार करत फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला.

“दादा, आजचं काम फार आवडलं.”

पलीकडे थोडी शांतता.

“कमी पडतंय ना?” ते म्हणाले. “उद्या सकाळी पहिला क्लोज माझा लावायला सांग. किती धरू?”