आधी बघा, मूत्राशय किती भरलंय

आज दिवसभर साठीपुढच्या पुरुषांच्या ओटीपोटाचे एमआरआय मोजले. पुन्हा तेच जाणवलं, मशीनपेक्षा तयारीत जास्त चुका होतात. मूत्राशय तुडुंब असलं की भिंत ताणून पातळ दिसते, रिकामं असलं की आकसून जाड. वयामुळे जाडी वाढली का हे ठरवायचं तर दरवेळी ते सारखंच भरलेलं हवं. तासभर आधी लघवी करून यायला सांगा, मग स्कॅन होईपर्यंत थांबायला.

प्रोस्टेटची (मूत्राशयाखालच्या पुरुष ग्रंथीची) उंची आणि पुढची-मागची जाडी बरोबर मधल्या उभ्या टी२ (पाणी उजळ दाखवणाऱ्या एमआरआय प्रकारातल्या) छेदावर घ्यायची, रुंदी आडव्या छेदावर. तिन्हींचा गुणाकार करून पुन्हा ०.५२ ने गुणायचं, की आकारमान मिळतं. ५.० × ४.२ × ४.० सेंमी म्हणजे साधारण ४४ मिली. तरुणपणी २०-२५ असते. कर्सर कॅप्सूलच्या (ग्रंथीच्या आवरणाच्या) काळ्या रेषेबाहेर गेला आणि तिन्ही मापं १० टक्क्यांनी वाढली, तर आकारमान ३३ टक्क्यांनी फुगतं!

पण नुसत्या आकारावर जाऊ नका. ग्रंथी मूत्राशयाच्या तळापासून वर १० मिमीपेक्षा जास्त घुसली असेल, तर लहान प्रोस्टेटमध्येही लघवी अडू शकते. नेमकं हेच माप रिपोर्टात राहून जातं. कृपया लिहीत जा.