तुम्ही विचारलंत म्हणून: कोरोनात कवटी उघडताना

कोल्हापुरात रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांत एखादा डॉक्टर सापडला की त्याची सुटका नसते. गुडघे होतात, शुगर होते, सुनेचं थायरॉईड होतं आणि मग माझ्या बाबतीत एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, कोरोनात मेंदूची ऑपरेशनं कशी केलीसा? भ्या वाटलं न्हाई व्हय?" लग्नाच्या पंगतीत हाच प्रश्न जरा शुद्ध मराठीत येतो. आजवर "झालं बाई कसंतरी" म्हणून निसटत आले. आता नीट सांगते.

भीती वाटली. भरपूर वाटली, आणि भलत्याच जागेची वाटली.

आमच्या भीतीचा जन्म वुहानमधला. जानेवारी २०२० मध्ये बातमी आली की तिथं पिट्युटरी ग्रंथीच्या गाठीचं ऑपरेशन झालेल्या एका पेशंटमुळं १४ आरोग्य कर्मचाऱ्यांना लागण झाली. ही गाठ मेंदूच्या तळाशी असते. आम्ही ती बहुतेकदा नाकातून दुर्बीण घालून काढतो, आणि हा विषाणू बसतो नेमका नाकाघशात. मार्चमध्ये ही बातमी प्रत्येक न्यूरोसर्जनच्या फोनवर फिरत होती. २२ मार्चला लोकांनी थाळ्या वाजवल्या आणि त्याच आठवड्यात लॉकडाऊन लागला. नाकातून करायची ऑपरेशनं आम्ही बंदच केली. पण कवटीचं काय?

कवटी उघडायचं ड्रिल मिनिटाला ७०,००० फेऱ्यांच्या घरात फिरतं. त्याच्या टोकाशी हाडाचा कीस, रक्त आणि सलाईन यांचा बारीक फवारा उडतो. एरवी त्याकडं आमचं लक्षही जात नाही. त्या एप्रिलमध्ये मात्र ओटीतल्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या, प्रत्येकाला तो फवारा आपल्याच तोंडाकडं येतोय असं वाटायचं.

खरं तर मेंदूतून किंवा मेंदूभोवतालच्या पाण्यातून धोका फारसा नव्हता. त्या पाण्यात हा विषाणू क्वचितच सापडला. अडचण होती ती हाडांतल्या पोकळ्यांची. कपाळाच्या हाडात आणि कानामागच्या हाडात हवेच्या पोकळ्या असतात. त्यांचं अस्तर नाकासारखंच असतं आणि त्यांची वाट नाकाघशाशी जुळलेली असते. त्यामुळं सीटी स्कॅन बघताना आम्ही गाठ कुठं आहे याच्याबरोबर पोकळी कुठवर आली आहे तेही मोजू लागलो, आणि दोन बोटं सरकून कवटी उघडू लागलो. ड्रिलचा वेग कमी केला, टोकावर सलाईनची धार, शेजारी सक्शन.

शक्य तिथं ड्रिल बाजूलाच ठेवलं. आमच्या ओटीच्या मामांनी कपाटाच्या तळातून जुना हडसन ब्रेस काढला. सुताराच्या गिरमिटासारखं हातानं फिरवायचं यंत्र. त्याच्याबरोबर जिगली सॉ, म्हणजे काटेरी तारेची करवत. चार भोकं पाडायची, एकातून दुसऱ्यात तार ओवायची आणि दोन्ही हातांनी ओढत हाड कापायचं. ही तार १८९० च्या दशकात एका इटालियन प्रसूतितज्ज्ञानं अडलेल्या बाळंतिणीचं जांघेपुढचं हाड कापण्यासाठी काढली होती. मेंदूवाल्यांनी ती उचलली. गंमत बघा, आपल्याकडं २०२० मध्ये ज्या साथरोग कायद्यावर सगळं चाललं तोही १८९७ चा, प्लेगातला. हत्यारही त्याच काळातलं. माझ्या नव्या ज्युनिअरनं जिगली फक्त परीक्षेच्या टेबलावर पाहिली होती. पहिल्या दिवशी तारेनं त्याचे हात भरून आले. मामा कोपऱ्यातून म्हणाले, "ओढा सर, ऊस तोडल्यागत एका लयीत ओढा."

भूलतज्ज्ञाचं काम आमच्यापेक्षा जोखमीचं. श्वासनलिकेत नळी घालताना त्यांचं तोंड पेशंटच्या तोंडापासून हातभर अंतरावर. त्या वेळी आम्ही सगळे बाहेर थांबायचो. तासाला १५ वेळा हवा बदलत असेल तर खोलीतली ९९ टक्के हवा साफ व्हायला १८ मिनिटं लागतात. ती १८ मिनिटं दाराबाहेर घड्याळ बघत उभं राहणं मला ऑपरेशनपेक्षा लांब वाटायचं. सुरुवातीला उद्यमनगरातल्या एका कारखानदारानं आम्हाला पेशंटच्या डोक्यावर ठेवायचा ॲक्रिलिकचा डबा करून दिला. पैसे घेतले नाहीत. तो डबा हातांना अडचणच करायचा, नळी घालायला उलट वेळ लागायचा, म्हणून दोन महिन्यांत बाजूला पडला. हे त्या गृहस्थांना अजून सांगितलेलं नाही.

पीपीई किटबद्दल सगळ्यांनी इतकं ऐकलंय की मी फक्त मायक्रोस्कोपचं सांगते. मायक्रोस्कोपच्या भिंगाला डोळा जवळजवळ टेकावा लागतो. मध्ये गॉगल आला की डोळा लांब राहतो आणि गोल दिसणारं मैदान नाण्याएवढं होतं, वर ते धुकटतं. फेसशील्ड तर भिंगावर आपटतंच. मी मास्कची वरची कड चिकटपट्टीनं नाकावर घट्ट बसवायची, म्हणजे वाफ वर येत नाही. तरी मे महिन्यात, एसी बंद ठेवून, चार तास... जाऊ दे.

काही पेशंटना आम्ही भूलच दिली नाही. पन्हाळ्याकडचे एक आजोबा, पंचाहत्तरी उलटलेली, महिन्यापूर्वी गोठ्यात घसरून पडले होते. आता बोलताना अडखळत होते, डावा पाय ओढत होते. मेंदूवर जुनं रक्त साठलेलं. असं रक्त पातळ झालेलं असतं. जागेवरच सुन्न करून दोन भोकं पाडली की मळीसारखं बाहेर येतं. नळी नको, व्हेंटिलेटर नको. आजोबा मास्क लावून पूर्ण वेळ जागे होते. अर्ध्यावर म्हणाले, "पोरी, आवाज लई येतोय, पर दुखत न्हाई. म्हशीला कोण बघतंय ते तेवढं इचारा की बाहेर." बोलणं सुटलं होतं. आम्हाला मॉनिटरपेक्षा त्या म्हशीनं जास्त धीर दिला.

अपघात कमी झाले होते, रस्तेच रिकामे होते. पण पावसाळ्याच्या तोंडावर शाकारणी करताना कौलांवरून पडलेली माणसं येतच राहिली. कवटीच्या आतल्या बाजूला धमनी फुटून रक्त साचत असेल तर हातात तासच असतात. स्वॅबचा रिपोर्ट यायला त्याहून जास्त वेळ लागायचा. मग वाट बघायचीच नाही. येणारा प्रत्येकजण पॉझिटिव्ह आहे असं धरायचं आणि डोकं उघडायचं. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी वाचायचा.

इतकं सगळं करून आमच्यात कोरोना कुठून शिरला? जेवणाच्या डब्यातून. ऑगस्टमध्ये एकाच आठवड्यात चौघं पॉझिटिव्ह आले. माग काढला तर ओटीत त्या चौघांची भेटच झाली नव्हती. भेट व्हायची ती दुपारी अडीचला, मागच्या खोलीत. किट उतरवल्यावर सुटल्यासारखं व्हायचं. मास्क गळ्यात, मांडीला मांडी, एकाच्या डब्यातली भाकरी, दुसरीच्या डब्यातला ठेचा, पंखा फुल्ल, खिडकी बंद. मीही त्यात असायची. मी वाचले ते त्या आठवड्यात उपवासाचे दिवस होते म्हणून, एवढंच. पुढं वुहानच्या त्या पेशंटचे तपशील वाचले, तर तिथंही लागण ओटीत नव्हे, वॉर्डात झाल्याचं दिसलं. आम्ही त्या खोलीतल्या खुर्च्या काढल्या आणि गच्चीवर, पाळीपाळीनं, पाठमोरं बसून जेवायला लागलो. त्यानंतर आमच्यात अशी एकगठ्ठा लागण पुन्हा झाली नाही. ड्रिलवर आम्ही बैठका घेतल्या होत्या, डब्यावर एकही नाही.

आता दुसरी गोष्ट. ही पंगतीत सांगता येत नाही.

मार्चमध्ये आम्ही याद्या केल्या होत्या. आज करायची, काही आठवड्यांत करायची, थांबू शकतात ती. थांबवण्याला कारण होतं. ऑपरेशनच्या आगेमागे कोरोना झालेल्यांत महिन्याभरात सुमारे २४ टक्के लोक दगावतात, हे मे २०२० मध्ये अनेक देशांतल्या आकड्यांवरून छापून आलं. म्हणजे घाई करणं पेशंटच्याच जिवावर बेतू शकत होतं. गडहिंग्लजकडच्या एका बाईंची गाठ मेंदूच्या आवरणाची होती, साधी, कॅन्सर नसलेली, सावकाश वाढणारी. ती बसली होती डोळ्यांच्या नसांवर. साधी गाठ म्हणून मी त्यांचं नाव तिसऱ्या यादीत घातलं.

एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला. "ताट दिसतंय ओ मॅडम, पर भाजी कंची हाय ते कळत न्हाई." मी सूज कमी करायला डेक्साच्या गोळ्या सांगितल्या. हो, तेच डेक्सामेथासोन, जे जूनमध्ये कोरोनाचं औषध म्हणून गाजलं. आमच्या कपाटात ते कित्येक वर्षांपासून होतं. आणि म्हटलं, पंधरा दिवस थांबूया. पंधरा दिवसांचे महिने झाले. त्यांच्या गावानं वेशीवर काट्या टाकून रस्ता बंद केला होता, आमच्याकडं भूलतज्ज्ञ क्वारंटाईनमध्ये होते, मी पुन्हा फोन करायला चार दिवस उशीर केला. यातलं कुठलं किती, ते मी अजून मोजते. जूनमध्ये त्या आल्या तेव्हा डावा डोळा गेला होता. पाच तास ऑपरेशन चाललं. उजवा राहिला.

त्यानंतर मी यादीची पद्धत बदलली. गाठ साधी की वाईट हे नंतर. थांबलो तर काय जाईल आणि गेलेलं परत येईल का, हे आधी लिहायचं. २०२१ मध्ये ही नवी यादी कामी आली. राज्यात इतरत्र दुसरी लाट ओसरली तरी कोल्हापुरात जुलैपर्यंत ती रेंगाळली. भूलतज्ज्ञ सगळे आयसीयूत, म्युकरचे पेशंट सायनसमधून डोळ्यात आणि डोळ्यातून मेंदूकडं सरकणारी बुरशी घेऊन येणारे, तिच्यावरच्या अँफोटेरिसिन या औषधाचा तुटवडा, आणि जुलैअखेर पंचगंगेनं हायवेच बंद केला. त्या गोंधळातही डोळ्यांच्या नसेवरच्या गाठी आम्ही थांबवल्या नाहीत. कधी रात्री दोनला केल्या, पण केल्या.

त्या बाई दर वर्षी एमआरआय घेऊन येतात. येताना आजऱ्याचा घनसाळ तांदूळ आणतात. मी नको म्हणते, त्या ऐकत नाहीत. "भ्या वाटलं न्हाई व्हय" असं त्यांनी मला कधी विचारलेलं नाही. त्या आत यायच्या आधी मी पेशंटचं स्टूल दुसऱ्या बाजूला सरकवून ठेवते, म्हणजे माझी खुर्ची त्यांच्या उजव्या हाताला येते.