एका टर्नात कैलास लेणं

नवा गेम मांडताना लोक राजा निवडण्यात अर्धा तास घालवतात. नकाशा कसला हवा, बेटांचा की सलग जमिनीचा, यावर खल करतात. गेमच्या वेगाकडे मात्र कुणी ढुंकून बघत नाही. तिथं आधीच 'स्टँडर्ड' लिहिलेलं असतं आणि बहुतेकांचा जन्म त्या स्टँडर्डवरच जातो. माझं मत जरा हट्टी आहे. सिव्हिलायझेशनसारख्या गेममध्ये सगळ्यात मोठा निर्णय हा वेगाचाच असतो, राजा कोण घेतला हे त्याच्यानंतर येतं. गांधी घ्या नाहीतर चंद्रगुप्त घ्या, वेग चुकला तर दोघांचीही गत सारखीच.

ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिड मायरचा पहिला सिव्हिलायझेशन १९९१ साली आला. इ.स.पू. ४००० मध्ये एक वस्ती घेऊन सुरुवात करायची आणि हळूहळू लेखन, घोडे, लोखंड, तोफा, रेल्वे करत विमानापर्यंत जायचं. सगळे आळीपाळीनं चाली खेळतात, त्या एका पाळीला टर्न म्हणायचं. २०१६ साली आलेल्या सहाव्या भागात पाच वेग आहेत. ऑनलाइन म्हणजे २५० टर्न, क्विक ३३०, स्टँडर्ड ५००, एपिक ७५० आणि मॅरेथॉन तब्बल १५००. पाचही वेगांत इतिहास तेवढाच, इ.स.पू. ४००० ते इ.स. २०५०. तुकडे किती करायचे एवढाच फरक.

हा भाग मे २०२० मध्ये आठवडाभर फुकट वाटला होता. लॉकडाऊन, परभणीचा उन्हाळा आणि फुकटची वस्तू, असं त्रिकूट जमल्यावर कोण सोडतो? लॅपटॉपचा पंखा घरातल्या पंख्यापेक्षा जोरात फिरायचा.

वेगाबद्दल बोलताना सगळे क्रिकेटची उपमा देतात. क्विक म्हणजे ट्वेंटी-ट्वेंटी, मॅरेथॉन म्हणजे कसोटी. ऐकायला बरी वाटते, पण इथं ती लागू पडत नाही. ट्वेंटी-ट्वेंटीत षटकं कमी होतात, पण चेंडू काही हलका होत नाही आणि षटकाराला सीमारेषा ओलांडावीच लागते. गेममध्ये वेग वाढवला की सगळंच स्वस्त होतं. शहर दर टर्नाला जेवढं काम उरकतं त्याला उत्पादन म्हणतात, तेच वस्तूंचं मोल. स्टँडर्डवर साधा लढवय्या ४० उत्पादनाला मिळतो, ऑनलाइनवर २० ला, मॅरेथॉनवर १२० ला. स्मारक ६० चं, ते ऑनलाइनवर ३० आणि मॅरेथॉनवर १८०. शोध लागायला लागणारं विज्ञान त्याच हिशोबानं कमी-जास्त. म्हणजे प्रमाण सगळीकडे सारखंच राहतं, मग फरक कुठं पडतो?

फरक पायांत पडतो. लढवय्या कुठल्याही वेगात एका टर्नला नकाशावरची दोनच घरं चालतो. त्याच्या पायांचा भाव कुणी वाढवत नाही, कमीही करत नाही. शेजाऱ्याची राजधानी वीस घरांवर असेल तर सपाट रानातून दहा टर्न, डोंगर-जंगल लागलं तर त्याहून जास्त. स्टँडर्डवर सुरुवातीचा एकेक टर्न ४० वर्षांचा असतो, म्हणजे आपला गडी चारशे वर्षं चालत शेजाऱ्याकडे पोचतो. त्याच्या कितव्या पिढीच्या हातात ती काठी असते देव जाणे. ऑनलाइनवर तर याहून गंमत. मी घोडेस्वारांची फौज जमवली, दोन नद्या ओलांडल्या, एक खिंड पार केली, आणि तटाखाली उभा राहिलो तेव्हा समोर बंदुका. निघालो तेव्हा त्यांच्याकडे भाले होते! शत्रूनं काही चलाखी केली नव्हती. तो घरी बसून शिकत राहिला आणि मी चालत राहिलो.

म्हणून माझ्या लेखी वेग निवडणं म्हणजे जमीन केवढी हवी ते ठरवणं. मॅरेथॉनवर जग लहान होतं, कारण शोध लागायला तिप्पट वेळ आणि पाय तेवढेच चपळ. क्विक किंवा ऑनलाइनवर तेच जग पसरतं, कुणी कुणापर्यंत वेळेत पोचत नाही, आणि मग जो तो आपापल्या कोपऱ्यात बसून ग्रंथालयं बांधतो.

ही गोष्ट मराठवाड्यातल्या माणसाला पुस्तकाशिवाय कळते. १२९६ साली अलाउद्दीन खिलजी दूर उत्तरेत, प्रयागजवळच्या कडा नावाच्या ठाण्याहून निघाला आणि देवगिरीच्या दारात येऊन उभा राहिला. रामदेवरायाची मोठी फौज राजपुत्राबरोबर बाहेर गेलेली होती. खिलजीची सगळी करामत त्या पोचण्यात होती. आता हाच हल्ला गेममध्ये ऑनलाइन वेगावर लावून बघा. तो विंध्य उतरेपर्यंत रामदेवराय तोफा ओतून मोकळा झाला असता. अचानक हल्ला नावाची गोष्ट मॅरेथॉनवर, फार तर एपिकवरच शिल्लक राहते.

एका रात्री लाइट गेलेली होती, लॅपटॉपची बॅटरी होती तेवढी होती, म्हणून खेळण्याऐवजी मी कागद-पेन्सिल घेऊन टर्नांची मोजदाद करत बसलो. स्टँडर्डवर सगळे टर्न सारखे नसतात. पहिले ७५ टर्न चाळीस-चाळीस वर्षांचे, त्यात तीन हजार वर्षं संपतात. मग इ.स. ५०० पर्यंत पंचवीस वर्षांचे. ५०० ते १००० वीस वर्षांचे. १००० ते १५०० दहा. १८०० पर्यंत पाच. १९०० पर्यंत दोन. विसाव्या शतकात वर्षाला एक, आणि २०२० च्या पुढं सहा महिन्यांना एक. विसाव्या शतकाला एकट्याला शंभर टर्न आणि सातवाहनांच्या पैठणला शतकाला चार!

मग आपल्या भागातली माणसं एकेक करून त्या कोष्टकात बसवली. राष्ट्रकूट कृष्णराजा पहिला, ज्याच्या नावावर वेरूळचं कैलास लेणं आहे, त्याची कारकीर्द साधारण इ.स. ७५६ ते ७७३. टर्न वीस वर्षांचा. म्हणजे राजा गादीवर बसला, डोंगर वरून खाली कोरायला घेतला आणि राजा गेला, हे सगळं मी 'नेक्स्ट टर्न' दाबायच्या आत. इकडं माझ्या गेममध्ये एक पिरॅमिड बांधायला बारा-पंधरा टर्न सहज जातात, आणि तेही शेजाऱ्यानं आधी बांधून टाकला नाही तर. मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली आणि आठ-दहा वर्षांत परत नेली. टर्न दहा वर्षांचा. त्या बिचाऱ्याचा एवढा गाजलेला खटाटोप स्टँडर्डवर घडतच नाही, दोन टर्नांच्या मधल्या फटीत पडून जातो. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवली, नहरीचं पाणी खेळवलं, १६२६ ला वारला. तीन टर्न. औरंगजेब १६८१ नंतर दख्खनेत उतरला तो १७०७ ला इथंच संपला, खुलताबादेत त्याची कबर आहे. बादशहाची ती पंचवीसेक वर्षं, तंबूतल्या पावसाळ्यांसकट, पाच टर्न.

मॅरेथॉन मला आवडतो तो यासाठी. तिथं सुरुवातीचा टर्न पंधरा वर्षांचा आहे, चाळीसचा नाही. एका पिढीला निदान दोन टर्न मिळतात.

तरी या उतरत्या मोजमापाला मी नावं ठेवणार नाही. आमच्या घरात काळ असाच मोजला जायचा. आजीला कुणाचा जन्म विचारला की 'रझाकारीत झाला' नाहीतर 'बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली' असं उत्तर यायचं. पुढच्या पिढीला किल्लारीचा भूकंप मिळाला, म्हणजे ३० सप्टेंबर १९९३. त्याची तारीख, वार, पहाटेची वेळ सगळं तोंडपाठ, कारण ते जवळचं. आजीच्या आजीबद्दल विचारलं तर 'पूर्वी' एवढाच एक शब्द. त्या 'पूर्वी'त तीन हजार वर्षंही सहज मावतात.

आता मॅरेथॉनचं कौतुक केलं म्हणून तो सुखाचा आहे असं समजू नका. पहिल्या शंभर टर्नांत करायला काही नसतं. शहर टर्नाला पाचेक उत्पादन देतं, लढवय्या १२० चा, म्हणजे चोवीस टर्न नुसतं 'पुढे' दाबत बसायचं. बाहेर एक टेहळ्या फिरत असतो तेवढीच करमणूक. त्या टेहळ्याला रानटी टोळीनं गाठलं की जीव हळहळतो, क्विकवर तसं होत नाही. क्विकवर माणूस मेला तर दुसरा चार टर्नांत उभा राहतो. मॅरेथॉनवर तो कधी बांधायला घेतला होता, त्या वेळी चहा झाला होता की नव्हता, हेसुद्धा आठवतं. आणि शेवटी शेवटी, पंधरा शहरं झाली की प्रत्येक टर्नाला प्रत्येक शहर विचारणार, 'आता काय बांधू?' जिंकलोय हे तीनशे टर्न आधीच कळलेलं असतं, पण गेम तसं म्हणायला तयार नसतो. अशा अर्धवट सोडलेल्या राज्यांच्या फायली माझ्या लॅपटॉपमध्ये पडून आहेत, एकाही राज्याची समाप्ती नाही. असल्या अर्धवट डावांचं दुखणं सगळीकडचंच असावं, कारण २०२५ च्या सातव्या भागात खेळाचे प्राचीन, शोध आणि आधुनिक असे तीन वेगळे कालखंड करून टाकलेत.

तसं मॅरेथॉनची सवय आपल्या भागाला आहेच. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वे १९९५ ला मंजूर झाली, २६१ किलोमीटर, आणि बीडला गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी. गेमच्या मोजमापात वर्षाला एक टर्न धरून तीस टर्न. रेल्वे बांधायला एवढे टर्न मी मॅरेथॉनवरही कधी घेतलेले नाहीत.

वेगळ्या वाटेचा एक गेम सांगायला हवा. ओल्ड वर्ल्ड त्याचं नाव. चौथ्या सिव्हिलायझेशनची आखणी ज्यानं केली त्या सोरेन जॉन्सनचाच. तिथं एक टर्न म्हणजे सरळ एक वर्ष. राजा म्हातारा होतो, मरतो, मुलगा नालायक निघतो, सुना रुसतात. आणि पायांचा प्रश्न त्यानं फार हुशारीनं सोडवलाय. टर्नाला ठरावीक हुकूम मिळतात, ते एकाच तुकडीवर खर्च करून तिला लांब पळवता येतं. खिलजीला असाच गेम हवा होता. मला मात्र त्यात वेरूळपासून रेल्वेपर्यंतचा पल्ला मिळत नाही, म्हणून मी फिरून जुन्या घरी येतो.

माझा भाचा पुण्यात शिकतो. त्याला हे सगळं तत्त्वज्ञान ऐकवलं तर तो म्हणतो, "मामा, तुम्ही कामून एवढा इचार करायलाव? ऑनलाइन लावा, रविवारी संपवू. सोमवारी माझी परीक्षा हाय." त्याचंही बरोबर आहे. त्याच्या पिढीला एक डाव चार महिने चालतो ही गोष्टच पटत नाही, आणि समोरचा माणूस मॅरेथॉनवर एकेका चालीला विचार करत बसला तर पोरगं झोपून जाईल. म्हणून आमच्यात तह झालाय. वेग त्याचा, नकाशा माझा. वेग ऑनलाइन, पण नकाशा सगळ्यात लहान, 'ड्युएल' नावाचा. जमीन आखडली की पाय पुन्हा पुरतात. दोन राजधान्या हाकेच्या अंतरावर येतात, स्वार निघाला तर शिळा होण्याआधी पोचतो, आणि अडीचशे टर्नांतही मॅरेथॉनसारखी मारामारी जमते. पैजेवर सांगतो, वेगाच्या जोडीला नकाशाचा आकार बदलल्याशिवाय कुणी क्विक-ऑनलाइनला नावं ठेवू नयेत.

मी नेहमी जर्मनी घेतो. राजा बार्बारोसा, राजधानी आखेन, आणि दुसऱ्या शहराचं नाव बदलून परभणी. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. मागच्या रविवारी मी सगळं सैन्य उत्तरेला रानटी टोळीमागं धाडलं होतं. परभणीत एक गोफणवाला, तोही जखमी. मी चहा ठेवून येतो म्हणालो, आलो तर फोनवर भाच्याचा आवाज.

"मामा, परभणी घेतली बरं का. आता जर्मनीचं काय करायचं ते सांगा."