खाडे आणि फुल्या

बार्शीच्या घरी स्वयंपाकघरातली फळी पुसायला घेतली, तेव्हा मोहरी-जिऱ्याच्या डब्यांखाली अंथरलेला कागद जुन्या कालनिर्णयाचा निघाला. त्यात नवल काही नव्हते. आमच्या आईच्या राज्यात वर्ष संपले म्हणून दिनदर्शिकेला निवृत्ती मिळत नाही. पूर्वी तिच्या पानांची वह्यांना कव्हरे होत, आता ती फळ्यांवर आणि खणांत रुजू होतात. नवल एवढेच की या पानावरचे अक्षर आईचे नव्हते, माझे होते. २०१६ सालचा ऑगस्ट, त्यावर तेलाच्या डब्याचे दोन गोल डाग आणि तारखांच्या चौकटींच्या कोपऱ्यात कुठे बारीकसा ‘खा’, तर कुठे फुली. शेजारची फळी उचकली तर तिथे जून आणि नोव्हेंबर सापडले. फळी पुसायचे काम तिथेच राहिले.

दिनदर्शिकेवर आपल्याकडे काय काय लिहिले जाते, हे कोणाला सांगायला नको. दूध कोणत्या दिवशी जास्त घेतले, सिलिंडर कधी लावला, कामवाल्या मावशी किती दिवस आल्या नाहीत, हे सगळे तिथि-नक्षत्रांच्या शेजारी गुण्यागोविंदाने नांदत असते. त्यामुळे स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी पुण्याला गेलो, तेव्हा आईने गादी, बादली आणि लोणच्याची बरणी यांच्याबरोबर एक कालनिर्णयही बांधून दिले, आणि मीही ते भिंतीवर लावल्या दिवसापासून हिशेबालाच वापरले. फरक एवढाच की तिथे माझ्याकडे दूधवाला नव्हता की मावशी नव्हत्या. हिशेब ठेवण्याजोगी गैरहजेरी फक्त एकाच माणसाची होती आणि ती माझी स्वतःची होती.

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात माडीवरच्या खोलीत आम्ही तिघे कॉट बेसिसवर राहत होतो. खोलीत माणसांना नावाने हाक मारण्याची पद्धत नव्हती. एक लातूरकर, एक चिपळूणकर आणि मी बार्शीकर. खाली तळमजल्यावर काकूंची मेस होती. दोन वेळचे महिन्याला २,४०० रुपये, चार पोळ्या, दोन भाज्या, वरण-भात, रविवारी दुपारी फीस्ट आणि रविवारी रात्री बंद. दाराच्या मागे काकूंनी स्वतःच्या हाताने लिहिलेली पाटी होती: ‘खाडा आदल्या दिवशी सांगितल्यासच धरला जाईल. न सांगता बुडवलेले जेवण हे जेवल्याप्रमाणेच समजावे.’ या दुसऱ्या वाक्याच्या तत्त्वज्ञानावर आम्ही अनेक रात्री चर्चा केली होती, विशेषतः पोटात काही नसताना.

या पाटीमुळेच माझ्या नोंदींना दोन चिन्हे लागली. सांगून केलेला खाडा म्हणजे ‘खा’. त्याचे पैसे पुढच्या महिन्यात वळते व्हायचे. न सांगता बुडालेले जेवण म्हणजे फुली. तिचे काहीच मिळायचे नाही, तरी महिनाअखेरीला काकूंशी घासाघीस करताना हाताशी असावी म्हणून मी ती मारून ठेवायचो. घासाघीस दर महिन्याला व्हायची आणि दर महिन्याला मी हरायचो, हा भाग वेगळा.

खाड्याबद्दल एक गोष्ट मात्र तेव्हा लक्षात आली नव्हती, ती आता येते. घरकामाच्या मावशी आल्या नाहीत की त्यांचा खाडा धरला जातो आणि पैसे त्यांचे कापले जातात. मेसमध्ये मी गेलो नाही की खाडा माझा आणि पैसे कापले जातात काकूंचे. गैरहजर कोणीही असो, कात्री लागते ती राबणाऱ्या बाईच्याच मिळकतीला.

पान हातात घेऊन बसलो आणि गंमत अशी झाली की ‘खा’ लिहिलेल्या दिवसांपैकी बहुतेकांचे मला काही म्हणता काही आठवेना. अमुक तारखेला घरी गेलो असणार, तमुक तारखेला कोथरूडच्या मावशीकडे जेवलो असणार. जे आदल्या दिवशी ठरवून, सांगून, परवानगी घेऊन केले, ते चौकटीत शिरले आणि तिथेच राहिले. फुल्यांचे तसे नव्हते. काही फुल्या मुक्या निघाल्या हे कबूल करायला हवे. त्या बहुधा अभ्यासिकेत पुस्तकावर डोके ठेवून झोपलेल्या रात्रींच्या असाव्यात. पण बाकीच्या फुल्या बोलायला लागल्या.

जूनच्या अखेरची एक फुली पालखीची आहे. त्या दिवशी संध्याकाळी मी अप्पा बळवंत चौकात एक जुने पुस्तक अर्ध्या किमतीत मिळते का, ते पाहायला गेलो होतो. पुस्तक मिळाले आणि परत निघालो, तर लक्ष्मी रस्ता पालख्यांनी भरून वाहत होता. ज्यांना पुण्याची मांडणी ठाऊक आहे त्यांना माझी अडचण लगेच कळेल: अप्पा बळवंत चौक रस्त्याच्या उत्तरेला, माझी मेस दक्षिणेला आणि दोघांच्या मध्ये दिंड्यांमागून दिंड्या. एरवी दोन मिनिटांत ओलांडायचा तो रस्ता मी दीड तास नुसता पाहत उभा होतो. सात वाजले, साडेसात वाजले. समोरच्या बाजूला काकूंच्या पोळ्या फुगत असणार याची मला या बाजूला जाणीव होत होती. अशा वेळी कडेला थांबलेल्या एका आजींनी डोक्यावरचे तुळशीवृंदावन उतरवले, ‘माउली, एवढं धरा’ असे म्हणून माझ्या हातात दिले आणि खाली बसून चपलेचा तुटलेला अंगठा सुतळीने बांधू लागल्या. मी वृंदावन छातीशी धरून उभा राहिलो. तेवढ्यात गर्दीतल्या एका बाई आल्या, तुळशीला हात जोडले आणि मी काही बोलायच्या आत वाकून माझ्या पायांना हात लावून गेल्या. त्यांच्यामागून एक काका आले, मग दोन शाळकरी मुली. वाड्यातला नळ सकाळी लवकर गेल्यामुळे त्या दिवशी मी आंघोळ केलेली नव्हती, हे त्यांतल्या कोणाला सांगावे की नाही याचा निर्णय मला करता आला नाही.

आजींची चपल झाली, पण वृंदावन परत मागण्याऐवजी त्यांनी ‘चला’ म्हटले आणि मी चाललो. रस्ता ओलांडण्याची युक्ती अशी अचानक सापडली: तो आडवा ओलांडायचाच नाही, दिंडीत शिरून तिच्याबरोबर उभा वाहत जायचे आणि हळूहळू पलीकडच्या काठाला लागायचे. सोन्या मारुती चौकापाशी आजींनी तुळस आपल्या डोक्यावर घेतली आणि नाना पेठेकडे निघून गेल्या. मी दक्षिण तीरावर उतरलो खरा, पण मेसपासून इतका लांब की पोचेपर्यंत काकूंनी ओटा धुतला होता. खिशात कोणीतरी दिलेले दोन राजगिऱ्याचे लाडू होते. जेवल्याप्रमाणेच समजायचे होते, म्हणून समजलो.

ऑगस्टची फुली पाण्याची. खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडले आणि भिडे पूल बुडाला, की पुण्यात ‘पाणी बघायला जाणे’ नावाचा एक विनामूल्य कार्यक्रम असतो. लकडी पुलाच्या कठड्याशी सगळे शहर लोटते, भाजलेली कणसे फिरू लागतात आणि एरवी भाजीचा भावही नीट न सांगणारा माणूस क्युसेकमध्ये बोलू लागतो. गर्दीत दोन-तीन आजोबा असे असतातच, की ज्यांनी १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्यावरचे पाणी पाहिलेले असते आणि त्यामुळे आजचे पाणी त्यांना पाणीच वाटत नाही. आमचा चिपळूणकरही त्या आजोबांच्या पक्षातला. वाशिष्ठीच्या काठी वाढलेल्या मुलाला मुठेचे ते तपकिरी पाणी दाखवणे म्हणजे हलवायाला साखरफुटाणे देण्यासारखे होते. तो कणीस खात, ‘हे होय?’ अशा चेहऱ्याने उभा होता.

लातूरकर मात्र बोलत नव्हता. शेजारच्या कोणीतरी ‘अठरा हजार क्युसेक सोडलंय’ असे ठोकून दिले आणि याने खिशातून मोबाइल काढून गणित सुरू केले. अंकगणित हा त्याचा परीक्षेतला हुकमी विषय. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. त्याला अठरा हजारांनी गुणले. मग मोबाइल आमच्यापुढे धरून म्हणाला, ‘सेकंदाला पाच लाख लिटर.’ चिपळूणकर म्हणाला, ‘बरं मग?’ लातूरकर म्हणाला, ‘एप्रिलमध्ये मिरजेहून आमच्याकडे पाण्याची पहिली गाडी आली, तिच्यात दहा वाघिणी मिळून पाच लाख लिटर होतं. गाव स्टेशनवर बघायला गेलं होतं.’ मग तो पुन्हा नदीकडे वळला आणि मोजू लागला, ‘ही एक गाडी गेली. ही दुसरी. ही तिसरी.’ प्रत्येक सेकंदाला एक. पहिल्या दहाबारा गाड्यांना आम्ही हसलो. मग चिपळूणकरही त्याच्याबरोबर मोजायला लागला, आणि कणीसवाल्याने शेगडी उचलेपर्यंत त्या दोघांनी किती गाड्या सोडल्या ते मला सांगता येणार नाही, कारण मध्ये एकदा भांडण झाले. लातूरकराचे म्हणणे, एका गाडीचे दोन सेकंद धरले आहेत. चिपळूणकराचे म्हणणे, तू इंजिन मोजतो आहेस. मेस बंद झाल्याचे आम्हाला घरी आल्यावर कळले. तिघांच्या नावावर त्या रात्री फुली आहे, म्हणजे काकूंच्या हिशेबाने आम्ही बारा पोळ्या जेवलो.

नोव्हेंबरचे पान सुरुवातीला अगदी सभ्य आहे. दिवाळीला घरी जाणार म्हणून आधी सांगून केलेल्या खाड्यांची आक्टोबरात सुरू झालेली माळ त्याच्या पहिल्या चौकटींपर्यंत येऊन पोचलेली दिसते. सुटी संपवून परतलो आणि ८ तारखेला, मंगळवारी, संध्याकाळी साडेसातला जेवायला जाताना वडिलांनी दिलेल्या पाचशेच्या पाच नोटा काकूंच्या हातात ठेवल्या. ‘वरचे शंभर उद्या घे,’ असे म्हणत त्यांनी त्या डब्यात टाकल्या. आठ वाजता आतल्या खोलीतल्या टीव्हीवर पंतप्रधान बोलू लागले. आम्ही बाहेर आमटी वाढून घेत होतो. थोड्या वेळाने काकू झारा हातात घेऊनच बाहेर आल्या आणि पंगतीकडे नव्हे, माझ्याकडे पाहू लागल्या. अर्ध्या तासापूर्वी मी त्यांना जे दिले होते, ते रात्री बारानंतर चालणार नव्हते. मला काही ठाऊक नव्हते हे मी शपथेवर सांगितले, पण स्पर्धा परीक्षा करणारी मुले सरकारी खात्यांच्या आतल्या गोटातली असतात असा त्यांचा काहीतरी समज असावा, कारण पुढचे दोन दिवस माझ्या ताटात भाजीचा रस्साच जास्त येत होता.

बुधवारी बँका बंद होत्या. गुरुवारी उघडणार, पण काकूंना सकाळचा स्वयंपाक सोडून रांगेत उभे राहणे शक्य नव्हते, आणि आमच्याजवळ वेळ सोडून दुसरे काही नव्हते. म्हणून सकाळी सातला मी त्यांच्यासाठी नंबर धरायला गेलो. त्या वाढप उरकून येणार आणि पैसे आपल्या खात्यात भरणार, असे ठरले. रांग बँकेच्या दारातून निघून, गल्लीचे वळण घेऊन, एका सायकलच्या दुकानापर्यंत गेलेली होती. माझ्या पुढचे गृहस्थ निवृत्त शिक्षक निघाले; त्यांनी माझ्याकडून चालू घडामोडींची उजळणी करून घेतली आणि उत्तर चुकले की मागच्या चौघांना ऐकू जाईल अशा आवाजात दुरुस्त केले. मागचा मुलगा लग्नाच्या बॅण्डमध्ये ट्रम्पेट वाजवणारा होता आणि ऐन मोसमात सुपाऱ्यांचे पैसे कोणत्या नोटांत घ्यायचे, या विवंचनेत होता. कोणीतरी चहा सांगितला, पण चहावाल्याकडे सुटे नव्हते, म्हणून त्याने वहीवर आमची नावे लिहिली. ती त्याने ‘टोपीवाला’, ‘चष्मेवाला’, ‘बॅण्ड’ अशी लिहिली, हे मी वाकून पाहिले. मी ‘मेस’ होतो, कारण सगळ्यांना मी कोणासाठी उभा आहे ते एव्हाना माहीत झाले होते.

काकू पावणेदोनला आल्या. पदराला हात पुसतच आल्या, म्हणजे घरून निघेपर्यंत हात ओलेच असणार. त्यांचे काम होऊन आम्ही बाहेर पडलो तेव्हा तीन वाजून गेले होते आणि पातेल्यात, त्यांच्याच सांगण्यानुसार, उरला होता तो फक्त खरडलेला भात. त्यातला त्यांनी अर्धा मला दिला आणि अर्धा स्वतः घेतला. वर ताक ओतले. बोललो असे काही नाही.

महिनाअखेरीला नेहमीप्रमाणे कालनिर्णय गुंडाळून काखेत मारून मी खाली हिशेबाला गेलो. काकूंनी चष्मा लावला आणि माझी पाने आपल्या वहीशी ताडून पाहू लागल्या. दिवाळीचे खाडे धरले. ते वरचे शंभर रुपये, जे त्या वेळी कोणत्याही दुकानात सोन्यापेक्षा दुर्मिळ झाले होते, पुढच्या महिन्यात वळते केले. मग १० तारखेशी त्यांचे बोट थांबले. दुपारच्या जेवणाच्या जागी माझी फुली होती. मी घासाघीस केली नाही. इतक्या महिन्यांच्या पराभवांनी मला तेवढे शिकवले होते. काकूंनी माझ्याच हातातले पेन घेतले, फुली नीट गिरवून खोडली आणि शेजारी ‘खा’ लिहिले.

तो ‘खा’ या पानावर आहे. माझ्या अक्षरापेक्षा मोठा, काना लांब ओढलेला.

आईने मागून येऊन विचारले, ‘अरे, फळी पुसतोयस की वाचतोयस?’ मी म्हटले, हे पान मला हवे आहे. तिने ते हातात घेऊन उलटे केले. मागच्या बाजूला एक पाककृती होती, ती तिने डोळे बारीक करून वाचली आणि म्हणाली, ‘घे, पण तेवढ्याच मापाचा दुसरा कागद आणून दे.’

मी ताजे वर्तमानपत्र आणायला बाहेर गेलो.