जोड नेमका कुठे?

लेक शिक्षणासाठी स्वीडनला गेल्यापासून मी इथे बडोद्यात, दांडिया बाजारातल्या घरी, रोज सकाळी तासभर स्वीडिश शिकते. त्या भाषेतले लांबलचक जोडशब्द पाहून प्रथम छाती दडपली. पण शाळेत बाईंनी घोटून घेतलेला समासविग्रह आठवला आणि वाट सापडली. स्वीडिशमध्येही तत्पुरुषाप्रमाणे शेवटचे पद प्रधान असते. बडोदे संस्थानात १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ या राज्यकारभाराच्या कोशाच्या नावात जसा अखेरचा ‘तरू’ मुख्य, तसेच हे.

अडचण येते ती शब्द तोडताना. ‘बील’ म्हणजे मोटार आणि ‘ड्रुले’ म्हणजे बेफिकीर, वेंधळा माणूस. दोन्ही मिळून बेदरकार चालक. पण तीच अक्षरे ‘बिल्ड’ म्हणजे चित्र आणि ‘रुले’ म्हणजे गुंडाळी अशीही तोडता येतात, आणि लिखाणात दोन्ही शब्द तंतोतंत सारखे दिसतात. बोलताना स्वराचा ऱ्हस्वदीर्घपणा खुलासा करतो. वाचणाऱ्याला मात्र अर्थावरूनच जोड शोधावा लागतो. काचेचा वाडगा आणि आइस्क्रीमचा वाडगा यांचेही तसेच. काच म्हणजे ‘ग्लास’, आइस्क्रीम म्हणजे ‘ग्लस’, वाडगा म्हणजे ‘स्कोल’. दुसऱ्या जोडशब्दात खरे तर तीन ‘स’ यायला हवेत, परंतु एकच व्यंजन सलग तीनदा लिहायचे नाही असा नियम असल्याने एक गळतो आणि दोन्ही शब्द एक होतात. ओळीच्या शेवटी शब्द तोडला की गळलेला ‘स’ परत येतो, ही गोष्ट मला फार आवडली.

पूर्वपदाचे रूप बदलणे आपल्याला नवे नाही. ‘पाणी’चे ‘पाणबुडी’त ‘पाण’ होते, तसे ‘स्कूला’ म्हणजे शाळा या शब्दाचे शालेय पुस्तकासाठी ‘स्कूलबूक’ होते. ‘गाता’ म्हणजे रस्ता, पण रस्त्याचे नाव ‘गातुनाम्न’.

सर्वांत अर्थपूर्ण मला वाटतो तो मध्ये येणारा ‘स’. चेंडूच्या खेळाचे मैदान ‘बॉलप्लान’, पण ‘फूटबॉल’ हाच आधी जोडशब्द असल्याने त्याचे मैदान ‘फूटबॉल्सप्लान’. पूर्वपद स्वतःच सामासिक असेल, तर हा ‘स’ पुष्कळदा मुख्य सांध्यावर उभा राहतो.

म्हणूनच जोडून लिहिण्याचा आग्रह मला पटतो. मराठीत ‘वरमाय’ तोडून ‘वर माय’ लिहिले, तर नवऱ्या मुलाची आई थेट माडीवर जाऊन बसते! स्वीडिशमध्ये परिचारिकेला ‘शूकशोतेर्स्का’ म्हणतात; तो शब्द तोडला की तीच आजारी ठरते.

परवा लेकीने दोन शब्द पाठवले आणि विग्रह करायला सांगितले. ‘बार्न’ म्हणजे मूल, ‘बूक’ म्हणजे पुस्तक, ‘हिल्ला’ म्हणजे फळी, हे मला ठाऊक होते. वहीत पेन्सिलीने उभ्या रेघा मारून मी लिहिले: ‘बार्न|बूकहिल्ला’, मुलाची पुस्तकफळी, ‘बार्नबूक्स|हिल्ला’, बालपुस्तकांची फळी.