पाठीवरच्या समोच्च रेषा

डोंगर भटकणाऱ्यांना सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावरील समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, परिचित असतात. तशाच रेषा माणसाच्या पाठीवर केवळ सावलीच्या साहाय्याने उमटवता येतात, हे हिरोशी ताकासाकी यांनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात दाखवले. पुढे जपानमध्ये शाळकरी मुलांच्या कण्याच्या वक्रतेची प्राथमिक तपासणी करण्यासाठी ही पद्धत वापरली गेली.

गेल्या उन्हाळ्यात मी ती घरी करून पाहिली. लाकडी चौकटीच्या वर आणि खाली १६ मिलिमीटर व्यासाच्या, आटे पाडलेल्या सळया बसवल्या. त्यांच्या दोन आट्यांमध्ये २ मिलिमीटर अंतर असल्यामुळे गुंडाळलेला काळा दोरा आपोआप समान अंतरावर बसत गेला. दोरा सळयांना चिकटवून मागच्या बाजूचे पदर कापून टाकले. दिवा आणि कॅमेरा चौकटीपासून २ मीटरवर, एकमेकांपासून आडवे ४० सेंटिमीटर ठेवले आणि भाच्याला चौकटीलगत पाठमोरे उभे केले.

दोऱ्यांची सावली पाठीच्या चढउतारांप्रमाणे वाकते, ती वाकलेली सावली कॅमेरा सरळ दोऱ्यांच्या फटींतून पाहतो, आणि मच्छरदाणीची दुहेरी घडी पडल्यावर दिसतात तसे गडद पट्टे उमटतात. (याला व्यतिकरण, म्हणजे प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून पट्टे पडणे, म्हणण्याचा मोह होतो, पण येथे प्रकाशलहरींचा संबंध नाही, हा निव्वळ दोन जाळ्यांचा खेळ आहे.) दोऱ्यांमधील अंतराला चौकटीपासूनच्या अंतराने गुणून दिवा आणि कॅमेरा यांच्यातील अंतराने भागले, की दोन पट्ट्यांमधील खोली मिळते, माझ्या मांडणीत ती सुमारे १० मिलिमीटर होती. खोल जावे तसे हे अंतर किंचित वाढत जाते, त्यामुळे पाचवा पट्टा ५० नव्हे, तर ५१.३ मिलिमीटरवर येतो. दिवा आणि कॅमेरा चौकटीपासून समान अंतरावर नसतील, तर पट्टे समोच्च रेषाच राहत नाहीत. माझा पहिला दिवस याच चुकीत गेला. छायाचित्रात दोऱ्यांच्या रेघाही येतात, परंतु शटर उघडे असताना चौकट तिच्याच प्रतलात आडवी सरकवली, तर त्या पुसट होतात आणि पट्टे जागेवर राहतात. हे प्रत्यक्ष घडताना पाहून मी अक्षरशः खुर्चीतून उठलो.

पहिल्या स्वच्छ छायाचित्रात उजव्या खवाट्याभोवती चार वलये होती आणि डाव्याभोवती दोनच. बहिणीचा चेहरा उतरला. नीट पाहिले तेव्हा भाचा एका पायावर भार देऊन उभा असल्याचे लक्षात आले. त्याला सरळ उभे केल्यावर दोन्हीकडे तीन-तीन वलये आली. ही पद्धत पाठीचा पृष्ठभाग मोजते, कणा नव्हे. कण्याच्या वक्रतेचा कॉब कोन क्ष-किरण चित्रावरूनच मोजावा लागतो. शिवाय एकाच छायाचित्रातील वलय उंचवट्याचे आहे की खळग्याचे, हे पट्टे स्वतः सांगत नाहीत.

आता चौकटीसमोरच्या फरशीवर खडूने दोन पावले काढून ठेवली आहेत, आणि त्यांवर नीट उभे राहिल्याशिवाय भाच्याचे छायाचित्र काढले जात नाही.