एस म्हणजे कर्जत

मंगळवार, रात्रीचे साडेदहा

आत्या आत्ताच आडवी झाली. पायाला तेल लावून दिलं तर म्हणते, "दमले नाही गं, घाबरले होते."

दुपारी ती साताऱ्याहून दादरला आली. मला ऑफिसातून निघता येईना, म्हणून फोनवर सांगितलं : मध्य रेल्वेच्या बाजूला ये, बदलापूरला जाणारी फास्ट लोकल पकड, कल्याणनंतर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, मग आपलं. एवढं पुरेल असं वाटलं मला. शेजारच्या बाईला तिने विचारलं, "कल्याणच्या पुढे जाते ना?" ती म्हणाली, "जाते." खोटं काहीच नव्हतं त्यात. पण कल्याणला रूळ दोन दिशांना फुटतात, एक बदलापूर-कर्जतकडे, दुसरा आंबिवली-कसाऱ्याकडे, हे मी सांगितलंच नव्हतं. आंबिवली गेल्यावर तिचा फोन आला, "विठ्ठलवाडी कधी येतं गं?"

मी वैतागून म्हटलं, "आत्या, फलाटावरचा इंडिकेटर बघितला नाहीस का?"

"बघितला. वाचलाही."

एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना बाराखडी शिकवलेली बाई ही. इंडिकेटरवर 'एन' होता, तो तिने नीट वाचला. एन म्हणजे कसारा आणि एस म्हणजे कर्जत, हे त्या अक्षरात कुठे लिहिलंय? वर हाच एस वेळेच्या पुढे दिसला की त्याचा अर्थ स्लो. ठाण्याचा टी, कल्याणचा के निदान नावावरून तरी कळतात. मला हे कुणी, कधी शिकवलं ते आठवत नाही. गाडी बारा डब्यांची की पंधरा हे पाहून कुठे उभं राहायचं, बसलेल्या बाईला "कुठे उतरणार?" विचारलं की ती जागा आपली, उतरायचा फलाट कुठल्या बाजूला येतो, सगळं तसंच अंगात मुरलंय. डिसेंबर 2023 मध्ये दादरच्या फलाटांना सलग 1 ते 14 नंबर दिले, मध्य रेल्वेचे 8 पासून सुरू झाले, तेव्हा रोज जाणारी मीसुद्धा काही दिवस गोंधळले होते.

कॉलेजात असताना आत्याबरोबर स्वारगेटला एसटीत चढायचं होतं. मी दाराशी रेटारेटीत अडकले, तिने खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरल्या. "पाटीवर नुसतं गाव वाचू नकोस, 'मार्गे' काय लिहिलंय ते बघ," असं सांगितलं. तेव्हा ती माझ्यावर एका शब्दानेही वैतागली नव्हती. आज दिवसभर तेच आठवतंय.

जेवणानंतर कॅलेंडरच्या पानामागे मी रेषा काढली, कल्याणला दोन फाटे दाखवले. स्टेशनांची नावं तिने लिहिली, तिच्या त्या फळ्यावरच्या अक्षरात. परवा ठाण्याला एकटीच जाणार म्हणते. परतताना 'ए' आली तर बसू नकोस, म्हटलं, ती अंबरनाथलाच संपते.

"बीएल?"

"बदलापूर."

"आणि केपी?"

"खोपोली. ती चालेल."

तिने तेही लिहून घेतलं आणि कागद चष्म्याच्या घरात ठेवला.